लोखंडाचं विरजण

या, असे जवळ सरका. बुवा आत घोटभर चहा घेतायत, आरतीला अजून अवकाश आहे, आणि माझ्या शेजारी सतरंजीची कड रिकामी आहे. बसा तिथं. तोवर एक गोष्ट सांगतो. बुवा सांगतात तशी ती गोड नाही. त्यांच्या आख्यानात भक्त उकळत्या कढईतून हसत बाहेर येतो. माझ्या गोष्टीतला माणूस बाहेर आला नाही. आणि तसं होणार हे त्याच्या बायकोनं अगोदर सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.

मी केरबा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. फौंड्रीत काम एकच. भंगार लोखंड वितळवायचं, तो रस वाळूच्या साच्यात ओतायचा आणि नवा भाग काढायचा. आमचे म्हणजे ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम. दिवसभर हे, आणि संध्याकाळी बुवांच्या मागं टाळ. आमच्या गावात कीर्तन असलं की मी पाळी संपवून, हातपाय धुऊन, न जेवता जाऊन उभा राहायचो. टाळकऱ्याचा कान वेगळाच होतो, बरं का. टाळाला केसाएवढी चीर गेली तरी तो बद वाजतो. बाकीच्यांना कळत नाही. मी डोळे मिटून सांगायचो, डावीकडून चौथ्याचा टाळ गेला म्हणून. बुवा थट्टेनं म्हणायचे, "केरबाच्या कानातून देव बी सुटायचा न्हाय." हे एवढं ध्यानात ठेवा.

आमची फौंड्री हंबीररावांनी काढली. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. शेतकरी गडी, घरी म्हशी. त्यांनी एक रीत घातली ती दुसऱ्या कुठल्या फौंड्रीत मी पाहिली नाही. दसऱ्याच्या आधी शेवटचा रस ओतून झाला की तळाशी उरलेल्या रसाचा नारळाएवढा गोळा वाळूत ओतायचा. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याची पूजा करायची. आणि दसरा झाल्यावर भट्टी पेटली की पहिल्या रसात तो घालायचा. त्याला ते विरजण म्हणायचे. "दूध कुणाच्या बी गोठ्यातलं आणा," आबा म्हणायचे, "विरजण आपल्या घरचं पायजे. मग दही आपलं हुतंय." म्हणजे गेल्या साली ओतलेल्यातला थोडा अंश या सालात, या सालातला पुढच्यात. पहिल्या दिवशीचं लोखंड अजून फिरतंय, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. मला ही रीत फार आवडायची. आबा गेल्यावर विरजणाची पूजा माझ्याकडं आली. मी ती देवघरातल्या पूजेसारखी करायचो. ताम्हनात ठेवायचं, पाण्यानं, दुधानं न्हाऊ घालायचं, हळदकुंकू, फूल.

नव्याण्णव साली आबांचे चिरंजीव विजयसिंह पुण्याहून नवीन गोष्ट घेऊन आले. ज्या कंपनीला आम्ही ड्रम द्यायचो तिचे एक तरुण साहेब बरोबर होते. त्यांनी कॅन्टीनच्या फळ्यावर खडूनं मोठा गोल काढला. नवे ड्रम घेऊन जाणारे ट्रक रिकामे परत येतात. आता ते गॅरेजमधले झिजलेले ड्रम आणि गाडीचं जुनं सुटं लोखंड भरून आणतील. तेच वितळवायचं, तेच परत पाठवायचं. साच्यातली वाळू फेकायची नाही, भाजून पुन्हा वापरायची. अगदीच निकामी होईल ती विटावाल्याला द्यायची. काहीच बाहेर टाकायचं नाही.

साहेबांचं बोलणं झालं तसा मागून भट्टीवरचा भाऊसो म्हणाला, "म्हंजे ड्रमला दिल्या घरी नांदाय धाडायचं, अन् झिजून गेला की म्हायेराला आणायचं. व्हय न्हवं?"

सगळे हसले. साहेबही हसले, आणि गोलाच्या खाली त्यांनी खरंच ‘माहेर’ असं लिहिलं.

भाऊसो हा असा. भट्टीवरचा मुख्य गडी. उंच, काळासावळा, चष्म्याला दोरी बांधलेला. वीस वर्षं आगीसमोर उभं राहून भुवया उरल्या नव्हत्या. आणि त्याची बायको यल्लव्वा आमच्याच फौंड्रीत भंगाराच्या शेडमध्ये. तिचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, बोलण्यात मधेच कानडी यायचं. आईला अव्वा म्हणायची. गावात बुद्धविहाराच्या मागल्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर, एक मुलगी श्रुती, ती तेव्हा दहावीत. सकाळी दोघं एका सायकलवर यायची. गेटपाशी उतरून यल्लव्वा पुढं चालायला लागायची. भाऊसो मागून ओरडायचा, "मालकीणबाई, डबा कुणी घ्याचा?"

दोन हजारच्या सुरुवातीला आमची जुनी कोळशाची कुपोला भट्टी निघाली आणि विजेची फर्नेस आली. दोघींचा स्वभाव वेगळा. कुपोलात माल वरून टाकायचा, तो खाली येईस्तोवर भाजून कोरडा व्हायचा. फर्नेस म्हणजे उघडा हंडा. रस तयार असला की जे टाकाल ते थेट रसात. त्यात पाणी गेलं, कुठं आत कोंडलेलं असलं, की त्याची वाफ व्हायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही, आणि ती वाफ सगळा रस वर उडवते. भाऊसो नव्या पोरांना शिकवताना सांगायचा, "कुपोला म्हंजे म्हस. काय बी घाल, रवंथ करून बसती. ही आपली नवी बया हाय न्हवं, हिच्या पोटात थेंब गेला की लाथ मारती. अन् लाथ तोंडावरच बसती."

आणि पुण्याहून परत येणारं ते माहेरचं लोखंड काही नुसतं ड्रमचं नसायचं. त्यात बंद नळ्या, तोंडं गंजून मिटलेले सिलिंडर, तेलाचे डबे चेपलेले. वरून कोरडे, आत काय ते देव जाणे.

पहिल्या महिन्यातच यल्लव्वानं असा एक तुकडा पकडला. ती हातात छोटी हातोडी घेऊन ढिगात बसायची आणि एकेक तुकडा ठोकून बाजूला सारायची. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असलं की आवाज आखूड, पोलाद असलं की लांब. तिनं एक जाड नळकांडं ठोकलं आणि थांबली. पुन्हा ठोकलं. शेजारच्या बायडाबाईला म्हणाली, "ह्यो बोलंना झालाय."

"बोलंना म्हंजे?"

"पोटात काय तरी धरून बसलाय."

मी ते ड्रिलखाली धरायला लावलं. भोक पडलं तसं तेलकट पाणी कारंज्यासारखं ड्रिलवरच्या पोराच्या शर्टावर उडालं. चांगलं अर्धा तांब्या होतं. पुण्याचे साहेब त्या दिवशी तिथंच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"शिकवायचं काय त्यात?" यल्लव्वा म्हणाली. "बाजारात माठ घेताना वाजवून घेता न्हवं? माझी अव्वा घ्याची. आमच्या घरात फुटका माठ कधी आला न्हाय."

साहेबांनी तिथल्या तिथं नियम केला आणि विजयसिंहांनी तो पत्र्याच्या बोर्डावर पांढऱ्या रंगात लिहून शेडच्या दारावर ठोकला. ‘यल्लव्वाने ऐकल्याशिवाय एकही तुकडा भट्टीत जाणार नाही.’ भाऊसोनं तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "घरात माझं कुणी ऐकत न्हाय, हितं हिनं ऐकल्याबिगर काय चालत न्हाय. बरं हाय."

पण यल्लव्वानं तो बोर्ड थट्टेवारी नेला नाही. एकदा शेडमध्ये पंखा बंद पडला होता, मे महिना, मी म्हणालो, "यल्लव्वा, आता सगळं चांगलंच येतंय, वरवर बघितलंस तरी चालंल." तिनं हातोडी खाली ठेवली.

"दादा, त्या हंड्यापुढं कोण उभा असतो?"

"भाऊसो."

"मग? मी वरवर बघू?" आणि पुन्हा हातोडी उचलली. "माझ्या कानाखालनं गेल्याबिगर तिकडं खिळा जायचा न्हाय. जीवात जीव हाय तवर न्हाय."

दोन वर्षं एक खिळा गेला नाही. पुण्याहून दुसऱ्या फौंड्र्यांची माणसं आमची रीत बघायला यायची. यल्लव्वाच्या हाताखाली सहा बायका शिकल्या. भंगारातले ड्रम निघायचे, नवे होऊन जायचे, झिजून परत यायचे. मला कीर्तनात बसल्यावर वाटायचं, जन्ममरणाच्या फेऱ्याचं निरूपण बुवा करतात ते आमच्या शेडमध्ये रोज चालतं.

दोन हजार सालचं विरजण मी नेहमीसारखं घातलं. दसऱ्यानंतर फर्नेस थंड होती, तळाशी कोरडं भंगार रचलं, त्यावर विरजण ठेवलं आणि मग वीज चालू केली. ते हळूहळू तापलं, कोरडं झालं, वितळलं. काही झालं नाही. त्या वर्षी यल्लव्वानं ते ठोकून बघायला मागितलं नाही, आणि मीही म्हणालो नाही. आमच्या मनात ते भंगार नव्हतंच. तिथं आमची दोघांची चूक झाली म्हणायला पाहिजे, पण मी दोघांची म्हणणार नाही. तिनं आपली चूक पुढच्या वर्षी दुरुस्त केली. मी केली नाही.

दोन हजार एकचा दसरा. विजयसिंहांनी पुण्याच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. आबांची रीत त्यांना दाखवायची होती. "केरबा," ते मला म्हणाले, "ह्या लोकान्ला समजू दे की हे गोल फिरवणं आमच्याकडं तीस वर्षांपासनं हाय. विरजण त्यांच्या म्होरं घालायचं."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू. आबांचं नाव निघणार, पूजा माझ्या हातची. खंडेनवमीला मी त्याला न्हाऊ घातलं आणि ताम्हनात दूधपाण्यात ठेवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अभिषेक केला. त्या सालचा गोळा वरून खोलगट होता. ओतलेलं लोखंड थिजताना आत ओढलं जातं, मधे पोकळी राहते, तिच्या तोंडावर पातळ साय धरते. हे मी रोज साच्यात बघत होतो. साच्यातला असा ड्रम मी बाजूला काढून टाकला असता. पण ताम्हनातलं विरजण मी फोरमनच्या डोळ्यांनी बघितलंच नाही, आणि सायीतल्या चिरेतून दूधपाणी आत झिरपत राहिलं.

पाहुणे साडेनऊला येणार होते. आले नाहीत. भाऊसो विचारायला आला, "दादा, थांबायचं किती? चालू करतो." मी म्हणालो, कर. रस तयार झाला. साडेदहा वाजले. विरजण अजून माझ्याजवळ ताम्हनात.

तेव्हा यल्लव्वा आली. पदर खोचलेला, हातात हातोडी.

"दादा, एवढं ऐकायचं ऱ्हायलंय."

"काय?"

तिनं हनुवटीनं ताम्हनाकडं दाखवलं.

"अगं ते देवाचं हाय," मी म्हणालो. "त्येला हातोडी लावतीस?"

"देवाचं असू दे की. आत जाणार न्हवं? रस झालाय."

"कुंकू लावलंय त्येला."

"कुंकू पुसत न्हाय मी. एक टोला."

मी ताम्हन थोडं माझ्याकडं ओढून घेतलं. बघा, एवढंच केलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे की त्या वेळी मला नको होतं ते काय, तिची हातोडी की तिचा हात. कारखान्यात आम्ही एका किटलीतला चहा प्यायचो. मी कधी भेद केला नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. पण पूजेची वस्तू पुढं आली आणि ताम्हन माझ्याकडं ओढलं गेलं. मी ओढलं.

यल्लव्वाला ते दिसलं. तिचा चेहरा जरासा बदलला. पण ती रागावून निघून गेली नाही. ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "बरं. मग तुमीच टोला द्या. मी हितनं ऐकतो."

आमच्याकडं बायका ‘ऐकतो’, ‘येतो’च म्हणतात. तिचा तो शब्द अजून तसाच कानात आहे.

मी टोला दिला नाही. "पावणं याय लागल्यात, जा," म्हणालो आणि विरजण ताम्हनातून उचलून फर्नेसच्या चौथऱ्यावरच्या लोखंडी पाटावर ठेवलं. ठेवताना ते जरा जोरात टेकलं.

बद.

एवढाच आवाज. फुटक्या टाळाचा. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. तिनं तोंड उघडलं, "दादा—" आणि गेटवर गाड्यांचे हॉर्न वाजले. विजयसिंह पुढं पळाले. मी मनाशी म्हटलं, खाली दूध सांडलंय, ओल्या पाटावर असा आवाज येतोच. आणि आरतीचं तबक घ्यायला वळलो.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. पाहुणे खुर्च्यांवर बसले. विजयसिंहांनी आबांची गोष्ट सांगितली. मी कापूर लावला. भाऊसोनं नेहमीप्रमाणे लांब चिमट्यात विरजण धरलं, कपाळाला हात लावला, माझ्याकडं बघून डोळे मिचकावले आणि ते रसात सोडलं. शेडच्या दारातून यल्लव्वा धावत येत होती. ती ओरडत होती, "अवो, थांबा! घालू नगा!" मशीनच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

त्यानंतर आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. पत्र्याचं छप्पर वर उचललं. जमिनीवर जागोजागी लाल गोळे पडून जळत होते. खुर्च्यांवरचे पाहुणे लांब होते, ते वाचले. माझा डावा हात कोपरापर्यंत भाजला. भाऊसो चौथऱ्यावरून खाली पडला होता. त्याच्या चष्म्याची दोरी जळत होती, आणि यल्लव्वा ती आपल्या हातांनी विझवत होती.

तो तीन दिवस होता. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. यल्लव्वा उशाशी बसली होती, दोन्ही हातांना पट्ट्या. तिनं मला फक्त विचारलं, "दादा, तुमी बी ऐकलंसा न्हवं?" मी तिच्या पट्ट्यांकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "आत्ता ते नको, यल्लव्वा." चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

विहारापुढं लोक जमले होते. वंदना झाली. माझी जागा कुठं आहे ते मला कळेना. रस्त्याच्या पलीकडं चिंचेखाली उभा राहिलो आणि तिथूनच परत आलो.

आठव्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब येणार होते. आदल्या दिवशी विजयसिंहांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचेही डोळे सुजलेले होते. वाईट माणूस नव्हे तो.

"केरबा, पूजेचा गोळा घातला हे बाहेर गेलं तर आपण अडाणी ठरतोय. कंपनी काम काढून घेईल. दोनशे माणसं हायत. अन् आबांच्या नावाला... तूच सांग."

"मग काय म्हणायचं, मालक?"

"भंगारात ओलं काय तरी गेलं. हुतंय असं. कुणाचं नाव घ्यायचं न्हाय."

कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं.

सरकारी साहेब आले, शेडभर फिरले, आणि दारावरच्या बोर्डापाशी थांबले. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. ‘यल्लव्वाने ऐकल्याशिवाय एकही तुकडा भट्टीत जाणार नाही.’ मग विचारलं, "ही यल्लव्वा कोण?"

तिला बोलावलं. पांढरं लुगडं, हात अजून बांधलेले. श्रुती दंडाला धरून उभी. यल्लव्वानं सरळ सांगितलं. पूजेचा गोळा होता, मी मागितला, मला दिला नाही, पाटावर टेकवला तवा पोकळ वाजला, त्यात पाणी होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "फोरमन, असा काही गोळा होता?"

"पूजा असती दरसाल," मी म्हणालो. "पण... तो कोरडाच हुता."

"पोकळ वाजला म्हणतात त्या."

यल्लव्वा माझ्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता हो. खात्री होती. हा टाळकरी आहे, ह्याचा कान आहे, हा सांगणार.

"मला काय ऐकू आलं न्हाय," मी म्हणालो.

साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली. कागदावर आलं ते असं : भंगाराच्या निवडीतील हलगर्जीपणामुळे ओलसर तुकडा भट्टीत गेला. निवडीची जबाबदारी, यल्लव्वा भाऊसो कांबळे.

म्हणजे नवऱ्याला मारलं ते तिनं, असं सरकारी कागद सांगतो. त्यावर माझी सही आहे. मराठीत, वळणदार.

पुण्याची कंपनी तरी थांबली का? नाही. दोन महिन्यांत परतीचं लोखंड बंद झालं, ट्रक पुन्हा रिकामे यायला लागले. शेडमधल्या सातही बायका घरी गेल्या. वाळू परत ओढ्याकाठी टाकायला सुरुवात झाली. फळ्यावरचा तो गोल कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसला, पण ‘माहेर’ हा शब्द नीट पुसला गेला नव्हता. कॅन्टीनमध्ये जेवताना मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

टाळ मी त्याच आठवड्यात ठेवून दिला. कीर्तनाला जायचो, मागं भिंतीला टेकून बसायचो. बुवांनी दोनदा विचारलं, मग विचारायचे थांबले. सहा वर्षं अशी गेली. मग एकदा बुवांनी अशा माणसाचं आख्यान लावलं ज्याच्या खोट्या साक्षीनं एक निष्पाप सुळावर गेला. गोष्ट त्यांनी कुठून घेतली देव जाणे. त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. लोक रडले. मला रडू आलं नाही. मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गारगोटीला गेलो. श्रुती तिथं शाळेत शिक्षिका झाली होती, यल्लव्वा तिच्याजवळ राहत होती. बाजाराच्या मागं भाड्याची खोली. दारात यल्लव्वा शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झालेले. हातांवर भाजल्याचे चकाकते डाग.

तिनं मला ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"पावणं, आता का आलासा?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि एका दमात सांगितलं. ऐकलं होतं. बद वाजलं होतं. मला माफ कर. काल कीर्तनात बुवांनी...

"बुवांनी सांगिटल्यावर ऐकू आलं व्हय?" ती म्हणाली. "मी सांगिटलं तवा न्हाय आलं."



तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"दादा, मालकानं खोटं लिवलं, साहेबानं लिवलं. त्याचं मला काय न्हाय वाटलं. पर तुमी म्हणालासा ऐकू आलं न्हाय. तुमी टाळकरी. मग मला वाटाय लागलं, खरंच वाजलं न्हाय काय? का मीच त्या दिशी ढिगातला एखादा तुकडा तसाच जाऊ दिलो? पावणं येणार म्हणून गडबड हुती. सहा वरसं मी त्यो ढीग मनात परत परत ठोकतोय. एकेक तुकडा. कुटला गेला माझ्या हातनं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी माठ सुदीक वाजवून घेईना झालो. पोरगी आणती."

"तू चुकली न्हाईस, यल्लव्वा."

"आता कळलं." तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "त्यान्ला सांगायचं हुतं हे. मरताना माझ्याकडं बघत हुते. बोलता येत न्हवतं. ते काय म्हणत असतील, मी ऐकलो न्हाय म्हणून?"



आत श्रुती उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "काका, माफी आईकडं नका मागू. तो कागद बदलून आणा."

मी हिंडलो. खोटं सांगत नाही, दोन वर्षं हिंडलो. ऑफिसात म्हणाले प्रकरण केव्हाच मिटलं. विजयसिंह फौंड्री विकून मुलीकडं बंगळूरला गेले होते. फोनवर म्हणाले, "केरबा, आता मेलेलं उकरू नको." नव्या मालकानं शेड पाडली होती. तो पत्र्याचा बोर्डही भंगारात गेला असणार, वितळून कुणाच्या तरी गाडीला लागला असणार. कागद तेवढा तसाच राहिला.

गारगोटीला परत जाऊन हे सांगितलं तेव्हा यल्लव्वा म्हणाली, "मग चार लोकांत सांगा. माझ्या दारात सांगून काय उपेग? हितं मला ठावं हाय." आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर मी गेलो नाही. गेल्या पावसाळ्यात ती वारली असं श्रुतीचं कार्ड आलं. दोन ओळींचं.

म्हणून मी जिथं कीर्तन असेल तिथं जातो, आणि आरतीच्या आधी शेजारी बसेल त्याला हे सांगतो. बुवा म्हणतात देव हाक मारतो. माझ्या आयुष्यात त्यानं एकदाच मारली, फुटक्या टाळाच्या आवाजात, आणि माझ्याआधी ती एका बाईनं ऐकली होती.

ते बघा, बुवा उठले. उभं राहायला पाहिजे. तुमच्याकडं एकच मागणं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. उन्हाळा तोंडावर आलाय. बाजारात माठ घ्यायला जाल, बोटानं वाजवून बघाल. सगळेच बघतात. त्या वेळी मनात एवढं म्हणा, की यल्लव्वाचा कान खरा होता. तिचं नाव घ्या, आणि मगच माठ उचला.